दात सुरू

खैरपाड्याच्या पुढं, दुसऱ्या मोरीपाशी
पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एवढंच :
दात सुरू.
खाली कुणीतरी कोळशानं विचारलेलं :
अक्कलदाढ कधी?

तिथवर गाडी इतर गाड्यांसारखीच.
दोन रूळ, खडी, स्लीपर,
वरईची पोती, स्ट्रॉबेरीचे रिकामे खोके,
वणीच्या बाजारातून परतणाऱ्या बाया
कुणाच्या तरी सुनेला
इंजिनापेक्षा जोरात ओढत.

मग चढ.
साध्या चाकाला न झेपणारा,
लोखंडावरून लोखंड घसरतं, त्याला कोण काय करणार.
म्हणून दोन रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी,
उताण्या करवतीसारखी,
आणि इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाक,
जे सपाटीभर नुसतं लटकत आलेलं असतं
मुक्कामाला आलेल्या मेव्हण्यासारखं,
ते इथं कामाला लागतं.

माझा बाप त्या पाटीपाशी नोकरीला होता.
मोतीराम भोये. हुद्दा : वंगणवाला.
एक डबा, एक ब्रश, एक छोटी हातोडी.
पहाटे उठून तो डोंगराचे दात घासायला जायचा
असं आई म्हणायची,
स्वतःचे राखुंडीनं, आठवण झाली तर.
सतरा हजार सहाशे चाळीस दात आहेत, तो सांगायचा.
मोजले कसे?
एकेक.

पट्टीचा पहिला तुकडा स्प्रिंगांवर बसवलेला.
दातावर दात आला
तर तो तुकडा दबतो, जरा मागं सरतो,
दुसऱ्या-तिसऱ्या दाताला खाच सापडते.
ड्रायव्हरनं फक्त घाई करायची नाही,
माणसाच्या चालीनं यायचं.
बाप इंजिनाच्या बाजूनं चालायचा
वाकून, कान चाकाकडं,
एक हात वर.
बायाही तेवढ्यापुरत्या गप्प.
खट्.
खट् खट्.
हात खाली.
"लागली," तो म्हणायचा.
दिवसातून चार वेळा.

मी नाशिकला गेले. शालिमारच्या मागे
एका लॅबमध्ये मेणात कवळ्या बसवायला लागले.
"घरचाच धंदा," बाप हसला.
तिथं डबे पोचवायला यायचा
शरणपूरचा सायमन पाटोळे.
त्याचं नाव ऐकल्यावर बाप हसला नाही.
दीड वर्ष.
आईचे फोन यायचे. मागं रेडिओ,
रेडिओमागं त्याचं खोकणं,
खोकण्यामागं काहीच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये आम्ही गाडीत बसलो.
सायमननं पांढरा शर्ट घातला होता,
मी नको म्हणत होते.
पाटी आली. गाडी मंदावली.
खिडकीतून मला त्याचा टक्कल पडलेला माथा दिसला,
वर केलेला हात दिसला.
त्यानं वर पाहिलं नाही.
पाहणार कसा, कान चाकाकडं.
यावेळी लगेच बसेना.
दातावर दात. तुकडा दबला, कुरकुरला.
सायमननं माझ्याकडं पाहिलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं, थांब.
खट्.
हात खाली यायला
नेहमीपेक्षा थोडा उशीर झाला, किंवा मलाच तसं वाटलं.
"लागली," बाप म्हणाला.
इंजिनाला म्हणाला.

संध्याकाळी वरच्या स्टेशनात तो सायमनला म्हणाला,
चल, दाखवतो.
मी कौलाखाली उभी राहून पाहिलं :
दोघं पट्टीवर वाकलेले,
बाप हातोडीनं एकेक दात वाजवतोय.
एकाचा आवाज बद्द आला.
"ह्यो मेलेला हाय.
तीनदा अर्ज दिला, पाहणी झाली म्हणतात."
"मग गाडी?" सायमननं विचारलं.
"शेजारचे धरतात की."
आणि ब्रश त्याच्या हातात दिला.

त्या शर्टावरचा डाग अजून निघालेला नाही.
रॉकेल लावलं, लिंबू लावलं,
शरणपूरच्या सासूबाईंनी सोडा लावला.
बापाला सांगितलं तर म्हणाला,
ते निघत नसतं.
त्यासाठीच असतं ते.